जामीन कोण?

आमच्या लहानपणी ठाण्यातल्या खोपटला कर्ज काढायचं म्हणजे आधी माणसं गोळा करावी लागत, पैसे मागाहून. दोन जामीनदार हवेत, दोघेही कायम नोकरीतले आणि शक्यतो बँकेचे सभासद. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. शेजारच्या खोलीत एसटीच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक, खाली जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. या तिघांच्या सह्या एकमेकांच्या कर्जाच्या कागदांवर वर्षानुवर्षं फिरत राहिल्या. आत्याचं लग्न, गुरुजींच्या गावच्या घराचं छप्पर, मेकॅनिककाकूंचं शिलाई मशीन, सगळ्यांत तिघंही. हप्ता थकला की बँकेचं पत्र कर्जदाराबरोबर जामीनदारालाही येई आणि त्या संध्याकाळी जिन्यात जे बोलणं होई, त्यानंतर वसुली अधिकाऱ्याला चाळीत पाऊल टाकायची गरज उरत नसे.

बँक नौपाड्यात, पायी पंधरा मिनिटांवर. आग्रा रोडवर तेव्हा एसटी आगाराच्या आत-बाहेर करणाऱ्या लाल गाड्या सोडल्या तर वर्दळ बेताची. काउंटरवर पैसे काढायची स्लिप दिली की पितळी टोकन हातात यायचं. मग बाकावर बसून राहायचं. आत जाडजूड लेजर उघडायचं, सही नमुन्याच्या कार्डाशी ताडली जायची, एक जण लिहायचा, दुसरा तपासायचा आणि रोखपाल आपला नंबर पुकारायचा. पासबुकात शाईने नोंद व्हायची. त्या अक्षरावरून आज कोण कारकून बसलाय हे वडील सांगत. नागरी बँकांची एक मोठी सोय म्हणजे त्यांपैकी कित्येक संध्याकाळी उघड्या असत. सकाळची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या ठाणे-डोंबिवलीकराला दुपारी दोनला बंद होणारी बँक असून नसल्यासारखीच होती.

दुकानदारांकडे रोजची छोटी बचत गोळा करायला बँकेचा पिग्मीवाला यायचा. सायकल, खांद्याला रेक्झिनची पिशवी, हातात छोटं पावती पुस्तक. आई घरी शिवणकाम करायची आणि त्यातले एक-दोन रुपये रोज त्याच्या हाती द्यायची. तिला बँकेची पायरी चढायचा संकोच वाटे. बँकच दारात येत असल्यामुळे तो संकोच कधी मोडावा लागला नाही. माझी अकरावीची फी त्या पिग्मीतून भरली गेली.

या बँका आल्या कुठून? सालं पाहिली की गंमत वाटते. डोंबिवली नागरी १९७० ची. ठाणे जनता आणि कळव्याची पारसिक जनता १९७२ च्या. कल्याण जनता १९७३ ची, ठाणे भारत १९७९ ची. कळव्याच्या खाडीपासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात एका दशकात इतक्या बँका उभ्या राहिल्या, त्याचं कारण माझ्या मते सरळ आहे. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत साठच्या दशकात सुरू झाली, कारखाने आले, मुंबईत जागा न परवडणारा नोकरदार रेल्वेच्या कडेकडेने सरकत आला. जुलै १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यांचं लक्ष खेड्यांतल्या शाखांकडे आणि उद्योगांकडे वळलं. मधल्या मध्ये तीन-चार हजारांचं कर्ज मागणारा कारकून उरला. त्याच्यासाठी मास्तर, वकील, डॉक्टर, संघाचे आणि इतर संस्थांचे कार्यकर्ते घरोघरी फिरून शेअर विकायला लागले. आमच्या वडिलांनीही घेतले होते. सभासद झाल्याचा दाखला त्यांनी देवघराच्या वर चौकटीत लावला होता. कितीही शेअर घेतले तरी सभासदाला मत एकच, ही गोष्ट त्यांना फार आवडायची. कारखान्याच्या मालकाला एक मत आणि मलाही एकच, असं ते पाहुण्यांना सांगत.

आगारातल्यांचं तर आणखी सुटसुटीत होतं. एसटी कामगारांची स्वतःची सहकारी बँक होती, आजही आहे. हप्ता थेट पगारातून कापला जायचा. वडिलांच्या कारखान्यात पतपेढी होती, तिला सगळे नुसतं ‘सोसायटी’ म्हणत. सोसायटीचं कर्ज, बँकेचं कर्ज आणि वाण्याची उधारी अशा तीन पायांवर महिना उभा असायचा.

हे लिहिताना मन भरून येतं, पण त्याच वेळी एक आठवण टोचतेही. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूच्या वस्तीत राहणारा एक हमाल वडिलांच्या ओळखीचा होता. मेहनती, निर्व्यसनी. त्याला हातगाडी घ्यायची होती. त्याला जामीन राहील असा एकही कायम नोकरीतला माणूस त्याच्या साऱ्या गोतावळ्यात नव्हता. शेवटी त्याने सावकाराकडून पैसे उचलले. ओळखीवर चालणारी बँक ही ओळख असलेल्यांचीच असते. बाईच्या नावावर कर्ज मागितलं की आधी नवऱ्याची सही विचारली जायची. आडनाव ऐकून माणूस कुठल्या आळीतला हे ओळखणारे संचालक असायचे, आणि ती ओळख सगळ्यांच्याच फायद्याची नव्हती. त्या काळाच्या आठवणी काढणाऱ्या आम्हा मंडळींनी हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गेल्या काही वर्षांत या विषयाकडे मी जरा वेगळ्या डोळ्यांनी पाहायला लागलो, त्याला कारण माझा भाचा. तो जर्मनीत श्टुटगार्टजवळ असतो. तिथे पोचल्यावर घरमालकाने त्याला पहिला प्रश्न विचारला, खातं श्पारकासंमध्ये काढणार की फोल्क्सबांकमध्ये? मोठ्या खासगी बँकेचं नाव घरमालकाच्या तोंडी आलंच नाही. भाच्याने फोनवर हे सांगितलं तेव्हा मला एकदम आमचा नौपाडा आठवला.

श्पारकासं म्हणजे तिथली बचत बँक. हिचा इतिहास १७७८ च्या हॅम्बुर्गपर्यंत मागे जातो. हिचे शेअरच नसतात. मागे उभी असते ती महापालिका किंवा जिल्हा. फोल्क्सबांक आणि रायफायझनबांक या मात्र आपल्यासारख्या सहकारी, सभासदांच्या मालकीच्या. यातली श्पारकासं एका बंधनाने बांधलेली आहे: आपला जिल्हा सोडून दुसऱ्याच्या जिल्ह्यात धंदा करायला जायचं नाही. सहकारी बँकाही साधारण आपापला टापू सांभाळून असतात. जिल्ह्यातल्या लोकांचे पैसे जिल्ह्याच्या आसपासच कर्जाऊ जातात. ऑक्टोबरच्या अखेरीला बचत दिन असतो, तेव्हा पोरं आपापला गल्ला घेऊन शाखेत जातात, नाणी मोजून घेतात आणि बदल्यात खेळणं मिळवतात. भाच्याची मुलगी एक लोकरीचा कोल्हा घेऊन आली होती.

आणि खरी गोष्ट तर पुढेच. तिथल्या सहकारी बँकांनी १९३४ पासून एकमेकींची हमी घेतली आहे. एखादी बँक डळमळू लागली की बाकीच्या मिळून सांभाळतात किंवा शेजारच्या बँकेत तिला विलीन करून घेतात; ठेवीदारापर्यंत धग पोचू देत नाहीत. म्हणजे आमच्या चाळीत माणसं माणसांना जामीन राहत होती, तिथे बँका बँकांना जामीन आहेत. आणि जो जामीन राहतो तो डोळ्यांत तेल घालून पाहतो, हे खोपटच्या जिन्यात मी लहानपणीच शिकलो होतो. जो आपल्या पैशावर उड्या मारणार आहे त्याला शेजारच्या बँका वेळीच कान धरून बसवतात.

ही कल्पना आपल्याला परकी नाही, उलट आपल्याकडची सहकारी पत त्याच घरातून आली. डेलित्श गावच्या शुल्झे या न्यायाधीशाने १८५० मध्ये शहरातल्या कारागिरांसाठी पतसंस्था काढली. ऱ्हाइनलँडमधल्या रायफायझन नावाच्या गावप्रमुखाने १८६४ च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी. मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपात अभ्यासाला पाठवलं आणि १८९५ मध्ये तो आपल्या अहवालात एवढंच सांगून थांबला, की हिंदुस्थानाने स्वतःचा रायफायझन शोधावा. १९०४ चा कायदा त्यातून आला. खेड्यातल्या संस्थेत सगळे सभासद अमर्याद जबाबदार आणि शहरातल्या संस्थेला मर्यादित जबाबदारीची मुभा, हा फरक त्या कायद्यातच होता. म्हणजे आपली गावची सोसायटी रायफायझनच्या वळणाची आणि आपली नागरी बँक शुल्झेच्या. अर्थात कायद्याची वाट न बघता बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ मध्येच अन्योन्य सहकारी मंडळी सुरू केली होती, हे मराठी माणसाने विसरायला नको. आणखी एक मजेची गोष्ट: बोस्टनचा फिलीन नावाचा दुकानदार १९०७ मध्ये हिंदुस्थानात आला, बंगालमधल्या पतसंस्था पाहून प्रभावित झाला आणि परत जाऊन अमेरिकेतल्या क्रेडिट युनियन चळवळीचा मोठा आधार बनला. पाहुणा येऊन आपल्याच घरातून रेसिपी घेऊन गेला.

इतर देशांनी मात्र आपल्या स्थानिक बचत बँका सांभाळल्या असं नाही. ब्रिटनमध्ये बचत बँकांची सुरुवात १८१० मध्ये स्कॉटलंडच्या रुथवेल गावी हेन्री डंकन या धर्मगुरूने केली होती. गरिबांच्या बचतीची ती विश्वस्त बँक १९८६ मध्ये शेअर बाजारात विकली गेली आणि १९९५ मध्ये लॉइड्स बँकेत मिसळली. स्पेनची कथा तर आपल्या कानाला फारच ओळखीची. तिथल्या काहा म्हणजे प्रांतोप्रांतीच्या बचत बँका. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांच्यावरचं प्रांताचं बंधन सैल झालं, संचालक मंडळांत राजकारणी बसले आणि पैसे जमीन-बांधकामात ओतले गेले. पंचेचाळीस काहा होत्या. माद्रिदच्या काहाचे अखेरचे अध्यक्ष देशाचे माजी अर्थमंत्री आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे माजी प्रमुख. त्यांनी उभी केलेली बँकिया २०१२ मध्ये सरकारला वाचवावी लागली. जुन्या स्वरूपात आता फक्त दोन छोट्या काहा उरल्या आहेत. बांधकाम, राजकारण आणि संचालक मंडळ हे त्रिकूट ठाणेकराला समजावून सांगावं लागत नाही.

आपली वाट जर्मनीची नाही आणि ब्रिटनचीही नाही. आपण दोन मालक नेमले. १ मार्च १९६६ पासून नागरी बँकेच्या बँकिंगवर रिझर्व्ह बँकेची नजर आणि नोंदणी, निवडणूक, संचालक मंडळ यांवर सहकार खात्याची. काही बिघडलं की दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवणार. त्यातच १९९३ मध्ये परवान्यांचा दरवाजा सताड उघडला गेला. पुढच्या काही वर्षांत आठशेहून अधिक नव्या बँकांना परवाने मिळाले आणि त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश थोड्याच काळात दुबळ्या ठरल्या. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा बँक एका शेअर दलालाच्या नादाने बुडाली. २००४ पासून नवे परवानेच थांबले. तेव्हा देशात १,९२६ नागरी बँका होत्या, आज पंधराशेच्या आत आहेत.

ठाण्याने हे जवळून पाहिलं. हे शहर चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचं जुनं गाव. त्यांच्या ज्ञातीची सीकेपी बँक १९१५ ची. २०१४ मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि ठेवी अडकल्या. एप्रिल २०२० च्या अखेरीला परवाना रद्द झाला. ठेवींच्या विम्यामुळे ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल असं रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितलं, पण सहा वर्षं लोक थांबले होते. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. पहिल्या दिवशी खात्यातून काढता येणारी रक्कम होती एक हजार रुपये. सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम समूहाला दिलेलं आणि ते हजारो बनावट खात्यांमागे लपवलेलं. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांना पैसे टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत, असा हिशेब लावून दिला गेला. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षं सांगायला फार धैर्य लागतं.

बदललंही बरंच, आणि चांगल्यासाठी. १९९३ पासून ठेवीच्या विम्याची मर्यादा एक लाखावर थांबली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. त्याच वर्षी कायदा बदलून रिझर्व्ह बँकेला नागरी बँकांच्या व्यवस्थापनावरही अधिकार मिळाले, म्हणजे दोन मालकांची ओढाताण बरीच कमी झाली. २०२१ पासून निर्बंध लागलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याची सोय झाली. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर तर २००३ पासूनच बंदी आहे. मार्च २०२४ मध्ये नागरी बँकांची एक राष्ट्रीय शिखर संस्थाही उभी राहिली. ती बँकांना भांडवल आणि तंत्रज्ञान पुरवणार आहे. एकमेकींची हमी मात्र तिने अजून घेतलेली नाही, आणि जर्मनीचं सारं बळ तर तिथेच होतं.

आजचं खोपट म्हणाल तर आमच्या चाळीच्या जागी टॉवर आहे आणि जिन्यात बोलणं होत नाही, लिफ्ट असते. वडिलांच्या कारखान्याच्या जागी आयटी कंपनीचं ऑफिस. आमची जुनी बँक महाराष्ट्राबाहेर पसरली आहे, तिचं अ‍ॅप आहे, पितळी टोकनाचा मागमूस नाही. माझा मुलगा बसल्या बसल्या मोबाइलवर कर्ज मंजूर करून घेतो. जामीनदाराऐवजी त्याचा सिबिल स्कोअर विचारतात. मला सुरुवातीला हे रुक्ष वाटलं. पण खाली डिलिव्हरी करणारा मुलगा, ज्याचं या शहरात ओळखीचं कोणी नाही, त्यालाही वेळेवर हप्ते फेडल्याच्या नोंदीवर दुचाकीचं कर्ज मिळतं हे पाहिलं तेव्हा सिद्धेश्वर तलावाजवळचा तो हमाल आठवला. त्याच्या बाबतीत आकडा माणसापेक्षा जास्त न्यायाने वागला असता.

गेलं ते दुसरंच. सभासद गेला. वडिलांच्या वेळी वार्षिक सभेला माणसं उभी राहायची. ताळेबंद वाचून येणारे निवृत्त शिक्षक असायचे. ते एखादं कर्ज कुणाला आणि कशासाठी दिलं ते अध्यक्षांना उभं करून विचारायचे. पुढे सभेला भेटवस्तू आल्या. स्टीलचा डबा, छत्री, प्रवासी पिशवी. मग रांग वस्तूसाठी लागू लागली आणि वस्तू मिळताच अर्धं सभागृह रिकामं. वडिलांच्या पश्चात माझ्या नावावर आलेले शेअर आहेत, लाभांश खात्यात जमा होतो, आणि आमच्या टॉवरमध्ये असे कित्येक सभासद आहेत ज्यांना आपण बँकेचे मालक आहोत हे ठाऊकच नाही. जर्मनांनी आपल्या बचत बँकेला गावाची शीव कायद्याने घालून दिली. आपल्याकडे ती शीव लोकांच्या नजरेची होती. नजर हटली आणि शीव राहिली नाही. माझं मत विचाराल तर सहकारी बँका बुडाल्या त्यात कायद्याच्या दोषाइतकाच आम्हा झोपलेल्या सभासदांचाही वाटा आहे.

म्हणून तुमच्या घरी नागरी बँकेचे शेअर असतील तर एवढं करा. सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत वार्षिक सभा होते, तिचा अहवाल घरी किंवा ईमेलवर येतो. त्यात ढोबळ आणि निव्वळ अनुत्पादक कर्जांचे टक्के पाहा, मागच्या वर्षीशी ताडून पाहा. भांडवल पर्याप्तता किती आहे ते पाहा. बांधकाम क्षेत्राला किती कर्ज गेलं ते विचारा, सभेत उभं राहून विचारा, उत्तर लेखी मागा. एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या तुमच्या ठेवी, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाखांपर्यंतच विमा उतरवलेल्या आहेत हे घरातल्या थोरांना सांगून ठेवा. आणि कोपऱ्यावरच्या पतसंस्थेत कुणी जास्त व्याज देतो म्हणून पैसे ठेवले असतील तर हेही सांगा, की पतसंस्थेच्या ठेवींना हा विमा लागू नाही.